नाव एक, घरे दोन : एक्सएमएलमधील नेमस्पेस आणि डीटीडी

शाळेच्या जुन्या नोंदी संगणकावर आणाव्यात, अशी इच्छा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत वारंवार व्यक्त होते. जनरल रजिस्टर, वसतिगृहाची हजेरी, ग्रंथालयाची दाखलनोंद, स्नेहसंमेलनांत सादर झालेल्या नाटकांच्या संहिता, स्मरणिकांचे जुने अंक हे सारे कागद दिवसेंदिवस जीर्ण होत आहेत. हे काम हाती घ्यायचे म्हटले की संगणक कोणता घ्यावा, खर्च किती येईल, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. परंतु आम्ही या शाळेतून बाहेर पडून संगणकाच्या व्यवसायात स्थिरावलेली मंडळी अनुभवाने असे सांगू इच्छितो की, या कामातील सर्वांत अवघड प्रश्न नावांचा असतो. कोणत्या नोंदीला काय म्हणायचे, आणि दोन ठिकाणी एकच नाव आले तर काय करायचे, हे आधी ठरले नाही तर पुढचे सारे श्रम वाया जाऊ शकतात.

नोंदी दीर्घकाळ टिकाव्यात यासाठी जी लेखनपद्धती जगभर वापरली जाते तिचे नाव एक्सएमएल. या पद्धतीत नावांचा तंटा सोडवण्यासाठी ‘नेमस्पेस’ नावाची योजना आहे, आणि नोंदी नियमानुसार आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी ‘डीटीडी’ नावाची योजना आहे. दोन्ही योजना आपापल्या जागी उपयुक्त आहेत. परंतु त्या एकमेकींना ओळखत नाहीत. हा परस्पर अपरिचय नेमका कसा आहे, त्याचे परिणाम काय होतात आणि त्यातून वाट कशी काढायची, हे संगणकाचा व्यवसाय नसलेल्या वाचकांनाही कळावे अशा रीतीने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

खुणा आणि घटक

एक्सएमएल ही साधी लेखनपद्धती आहे. मजकुराच्या ज्या तुकड्याला अर्थ द्यायचा त्याच्या आधी आणि नंतर कोनी कंसात नाव लिहायचे, एवढेच तिचे मूळ सूत्र. उदाहरणार्थ :

<इयत्ता>पाचवी</इयत्ता>

कंसातील या लेखनाला टॅग किंवा खूण म्हणतात, आणि आरंभीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंतच्या संपूर्ण तुकड्याला एलिमेंट किंवा घटक म्हणतात. एका घटकाच्या पोटात दुसरे घटक येऊ शकतात. खुणेतच एखादी जादा माहिती द्यायची असेल तर ती गुणविशेषाच्या रूपाने देता येते. उघडलेली प्रत्येक खूण बंद झाली पाहिजे आणि घटक एकमेकांत तिरपे घुसता कामा नयेत, या नियमांना उतरणाऱ्या दस्तऐवजाला ‘सुरचित’ म्हणतात.

एक्सएमएलची पहिली अधिकृत शिफारस वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. टिम ब्रे, जाँ पाओली आणि मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन हे तिचे संपादक होते. तिच्या मुळाशी एसजीएमएल ही १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली जुनी पद्धती होती. घटकांची नावे आधीच ठरवून दिलेली नाहीत, ती वापरणाऱ्याने स्वतः ठेवायची, हे एक्सएमएलचे मोठे वैशिष्ट्य आहे. ही नावे देवनागरीतही ठेवता येतात. वर दिलेली ‘इयत्ता’ ही खूण केवळ समजावण्यापुरती मराठीत लिहिलेली नसून ती जशीच्या तशी वैध आहे.

डीटीडी : द्वारपालाची यादी

नावे ठेवण्याचे स्वातंत्र्य मिळाले की शिस्तीचीही गरज पडते. विद्यार्थ्याच्या नोंदीत काय असलेच पाहिजे, कोणत्या क्रमाने असले पाहिजे आणि काय असता कामा नये, हे लिहून ठेवण्याची जागा म्हणजे डॉक्युमेंट टाइप डेफिनिशन, संक्षेपाने डीटीडी. हा वारसा एसजीएमएलकडून आला. डीटीडीमध्ये प्रत्येक घटकाची घोषणा असते. प्रत्यक्षात घोषणेतील ठरावीक शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात. येथे वाचकांच्या सोयीसाठी ते देवनागरीत देत आहोत :

<!एलिमेंट प्रवेश (दिनांक, इयत्ता, रजिस्टरक्रमांक)>

याचा अर्थ असा की ‘प्रवेश’ नावाच्या घटकात दिनांक, इयत्ता आणि रजिस्टरक्रमांक हे तीन घटक याच क्रमाने असलेच पाहिजेत. त्यांपैकी एक जरी गळला तरी तपासणी करणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, तो दस्तऐवज अवैध ठरवतो. दस्तऐवज सुरचित असणे आणि वैध असणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. लेखनाचा आकार बरोबर असला की तो सुरचित होतो. डीटीडीमधील घोषणांशीही जुळला की वैध होतो.

डीटीडीचा एक नियम येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. एका नावाच्या घटकाची घोषणा एकदाच करता येते. डीटीडीमध्ये घटकांची एकच सलग यादी असते. घटक दस्तऐवजात कोठेही येवो, कोणाच्याही पोटात येवो, त्याचा नियम एकच. दारावर यादी घेऊन बसलेला द्वारपाल जसा समोरच्या माणसाचे नाव अक्षरशः जुळवतो आणि त्यापलीकडे कोणतीही चौकशी करत नाही, तसेच डीटीडीचे वर्तन असते.

‘प्रवेश’ कोणता?

आता अडचण कोठे येते ते पाहू. शाळेच्या रजिस्टरातील ‘प्रवेश’ म्हणजे विद्यार्थ्याचे शाळेत दाखल होणे. त्याला दिनांक असतो, इयत्ता असते, जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो. स्नेहसंमेलनातील नाटकाच्या संहितेतही ‘प्रवेश’ असतो. तेथे तो अंकाचा एक भाग असतो. त्यात स्थळ असते, पात्रे असतात, संवाद असतात. दोन्ही ठिकाणी शब्द अचूक आहे आणि दोन्ही ठिकाणी तो बदलण्याचे कारण नाही. ‘अंक’ या शब्दाचेही तसेच आहे. नाटकाचा अंक वेगळा आणि मासिकाचा अंक वेगळा. ‘पद’ म्हणजे शिक्षकाचे पद, बीजगणितातील पद आणि गाण्याचे पद. भाषेत संदर्भावरून अर्थ कळतो. संगणकाला संदर्भ आपोआप कळत नाही.

रजिस्टर एका फाइलीत आणि नाटकाची संहिता दुसऱ्या फाइलीत असेपर्यंत कोणताही प्रश्न नाही. परंतु एखाद्या वर्षाचा संपूर्ण वृत्तान्त एकाच दस्तऐवजात आणायचा झाला, की ‘प्रवेश’ या एकाच नावासाठी दोन नियम लागतात आणि डीटीडी तर एकच नियम मान्य करते. नाइलाजाने दोन्ही शक्यता एका घोषणेत कोंबाव्या लागतात :

<!एलिमेंट प्रवेश ((दिनांक, इयत्ता, रजिस्टरक्रमांक) | (स्थळ, संवाद))>

उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’. ही घोषणा वरवर निरुपद्रवी दिसते; पण तिचा परिणाम गंभीर आहे. विद्यार्थ्याच्या नोंदीत चुकून स्थळ आणि संवाद लिहिले गेले आणि दिनांक, रजिस्टरक्रमांक गळले, तरी डीटीडी त्या नोंदीला वैध म्हणेल. ज्या तपासणीसाठी डीटीडी लिहिली ती तपासणीच लुळी पडते. शाळा सोडल्याचा दाखला प्रवेशाच्या नोंदीवरून तयार होतो, आणि पुढे शिष्यवृत्तीपासून जातपडताळणीपर्यंत किती ठिकाणी त्या दाखल्यातील एकेक अक्षर पाहिले जाते, हे आपल्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. अशा नोंदीवरचा पहारा ढिला ठेवणे कोणालाही परवडणारे नाही.

ही अडचण केवळ आपल्या कल्पनेतील नाही. वेबपृष्ठांसाठीची एक्सएचटीएमएल, चित्रांसाठीची एसव्हीजी आणि गणितासाठीची मॅथएमएल या तिन्ही एक्सएमएलवर आधारलेल्या शब्दावल्या आहेत. ‘सेट’ हा घटक मॅथएमएलमध्ये गणितातील संच दाखवतो, तर एसव्हीजीमध्ये तोच शब्द चित्रातील एखादा गुणविशेष ठरावीक वेळेपुरता बदलण्यासाठी येतो. ‘टायटल’, ‘स्टाइल’, ‘स्क्रिप्ट’ ही नावे एक्सएचटीएमएल आणि एसव्हीजी या दोहोंत आहेत. एकाच पृष्ठावर मजकूर, आकृती आणि समीकरण एकत्र आणायचे म्हटले की ही नावे एकमेकांवर आदळणारच.

नेमस्पेस : आडनाव नव्हे, रजिस्टरचा क्रमांक

वसतिगृहात एकाच खोलीत दोन सिद्धार्थ आले तर आपण काय करत होतो? एकाला लातूरचा सिद्धार्थ म्हणत होतो आणि दुसऱ्याला उमरग्याचा. नेमस्पेसची कल्पना हीच आहे. १४ जानेवारी १९९९ रोजी, म्हणजे एक्सएमएलनंतर सुमारे अकरा महिन्यांनी, या योजनेची स्वतंत्र शिफारस प्रसिद्ध झाली. टिम ब्रे, डेव्ह हॉलंडर आणि अँड्र्यू लेमन हे तिचे संपादक. त्यानुसार घटकाच्या नावाआधी एक उपसर्ग आणि अपूर्णविराम लिहिता येतो :

<शाळा:प्रवेश> … </शाळा:प्रवेश>
<नाट्य:प्रवेश> … </नाट्य:प्रवेश>

परंतु उपसर्ग ही खरी ओळख नव्हे, हा या योजनेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. दस्तऐवजात ‘एक्सएमएलएनएस’ या खास गुणविशेषाने प्रत्येक उपसर्ग एका लांबलचक पत्त्याशी जोडलेला असतो. हा पत्ता दिसायला संकेतस्थळाच्या पत्त्यासारखा असतो. मात्र त्या पत्त्यावर काही असलेच पाहिजे असे बंधन नाही. पार्सर तेथे जाऊन काही पाहत नाही. पत्ता ही केवळ जगात दुसरीकडे सापडू नये अशी अक्षरांची मालिका असते, आणि दोन पत्ते एकच आहेत की नाहीत हे एकेक अक्षर जुळवून ठरते. शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी नेमस्पेस वेगळी झाली.

म्हणजे घटकाचे खरे नाव जोडीचे असते : नेमस्पेसचा पत्ता आणि स्थानिक नाव. उपसर्ग हा त्या पत्त्याचा दस्तऐवजापुरता संक्षेप. ‘लातूरचा’ हे संबोधन खोलीपुरते असते, पण जनरल रजिस्टरमधील क्रमांक कायमचा असतो. तसाच उपसर्ग आणि पत्ता यांचा संबंध आहे. एका दस्तऐवजात ‘शाळा:’ हा उपसर्ग असेल आणि दुसऱ्यात ‘श:’ असेल, पण दोन्ही एकाच पत्त्याशी बांधलेले असतील, तर नेमस्पेसच्या दृष्टीने ‘शाळा:प्रवेश’ आणि ‘श:प्रवेश’ हे एकच घटक आहेत.

आणखी एक सोय आहे. उपसर्ग न लिहिता एखादी नेमस्पेस मूळ म्हणून घोषित करता येते. मग त्या घटकाला आणि त्याच्या पोटातील उपसर्गहीन घटकांना ती आपोआप लागू होते. आत पुन्हा दुसरी मूळ नेमस्पेस घोषित केली तर तेथून पुढे ती लागू होते. गुणविशेषांना मात्र ही सोय नाही. उपसर्ग नसलेला गुणविशेष कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसतो.

डीटीडीला काय दिसते?

नेमस्पेसची योजना आली तेव्हा डीटीडीचे नियम आधीच ठरून गेले होते. १९९८ च्या शिफारशीत अपूर्णविराम हे चिन्ह नेमस्पेसच्या पुढील प्रयोगांसाठी राखून ठेवल्याचा उल्लेख होता; परंतु नियमांच्या दृष्टीने ते नावात चालणारे आणखी एक चिन्ह एवढेच होते. नंतरही डीटीडीच्या नियमांत बदल झाला नाही. त्यामुळे डीटीडीला ‘शाळा:प्रवेश’ या लेखनात उपसर्ग आणि नाव असे दोन भाग दिसत नाहीत. तिला एक सलग नाव दिसते. या एका गोष्टीतून पाच परिणाम निघतात.

पहिला परिणाम असा की, डीटीडीमध्ये घटकाची घोषणा उपसर्गासह करावी लागते. दस्तऐवजात ‘शाळा:प्रवेश’ लिहायचे असेल तर घोषणेतही ‘शाळा:प्रवेश’ असेच हवे. नुसत्या ‘प्रवेश’ची घोषणा पुरत नाही. त्याच्या आत येणाऱ्या घटकांचीही तीच गत.

दुसरा परिणाम असा की, उपसर्ग बदलण्याचे स्वातंत्र्य संपते. नेमस्पेसच्या दृष्टीने ‘श:प्रवेश’ आणि ‘शाळा:प्रवेश’ एकच असले, तरी डीटीडी पहिल्याला अनोळखी म्हणून परत पाठवते. नेमस्पेसची शिफारस ज्याला निव्वळ संक्षेप मानते, तेच डीटीडीच्या दारात ओळखपत्र होऊन बसते.

तिसरा परिणाम याच्या उलट आहे. कोणी ‘शाळा:’ हाच उपसर्ग वापरून तो भलत्याच पत्त्याशी बांधला, तर घटकाचा अर्थ पूर्णपणे बदलतो. परंतु अक्षरे जुळत असल्यामुळे डीटीडीची घटकनामाबद्दल तक्रार नसते. म्हणजे ती एकच असलेल्यांना वेगळे मानते आणि वेगळे असलेल्यांना एक मानते.

चौथा परिणाम मूळ नेमस्पेससंबंधी आहे. उपसर्ग टाळण्यासाठी रजिस्टरच्या भागाला एक मूळ नेमस्पेस आणि संहितेच्या भागाला दुसरी मूळ नेमस्पेस दिली, तर नेमस्पेस जाणणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही ‘प्रवेश’ वेगळे दिसतात. डीटीडीला मात्र दोन्हीकडे नुसते ‘प्रवेश’ दिसते आणि आपण पुन्हा त्या ‘किंवा’च्या घोषणेपाशी येतो. नेमस्पेसने मिटवलेला तंटा डीटीडीत जसाच्या तसा उभा राहतो.

पाचवा परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नेमस्पेस घोषित करणारा ‘एक्सएमएलएनएस’ हा गुणविशेषसुद्धा डीटीडीच्या लेखी साधा गुणविशेष असतो. त्याचीही घोषणा डीटीडीमध्ये नसेल तर दस्तऐवज अवैध ठरतो. ही घोषणा करताना त्याचे मूल्य ‘स्थिर’ म्हणून बांधून टाकण्याची प्रथा आहे. मग दुसरा पत्ता लिहिता येत नाही आणि तिसऱ्या परिणामातील धोका बराच कमी होतो.

मात्र या प्रथेत एक खाच आहे. मूल्य डीटीडीमध्ये स्थिर केले म्हणून दस्तऐवजात ते लिहिण्याचे टाळले, तर डीटीडी वाचणाऱ्या पार्सरला नेमस्पेस मिळते. पण जो पार्सर वैधता तपासत नाही, त्याला बाहेरच्या फाइलीतील डीटीडी न वाचण्याची मुभा असते. अशा पार्सरच्या हाती तोच दस्तऐवज नेमस्पेसविना पडतो. एकच फाइल दोन प्रोग्रामांना दोन अर्थ सांगू लागते. म्हणून डीटीडीमध्ये मूल्य बांधलेले असले तरी दस्तऐवजात ते स्पष्ट लिहावे, हाच सुरक्षित मार्ग होय.

वाट काढण्याची युक्ती

डीटीडी आणि नेमस्पेस दोन्ही ठेवायची असतील तर पॅरामीटर एंटिटी हे साधन कामी येते. एंटिटी म्हणजे एखाद्या मजकुराला दिलेले टोपणनाव. टक्केचिन्हाने सुरू होऊन अर्धविरामाने संपणारे टोपणनाव डीटीडीमध्ये आले की त्याच्या जागी मूळ मजकूर बसतो. उपसर्गालाच असे टोपणनाव दिले तर तो एका ठिकाणी बदलता येतो :

<!एंटिटी % उपसर्ग "शाळा:">
<!एंटिटी % प्रवेश.नाम "%उपसर्ग;प्रवेश">
<!एलिमेंट %प्रवेश.नाम; (%दिनांक.नाम;, %इयत्ता.नाम;)>

मधली ओळ अनावश्यक वाटेल. शेवटच्या ओळीत उपसर्गाचे टोपणनाव आणि ‘प्रवेश’ हा शब्द थेट शेजारी का लिहू नयेत? त्याचे कारण एक्सएमएलच्या नियमात आहे. घोषणेत पॅरामीटर एंटिटी उलगडताना तिच्या मजकुराच्या दोन्ही बाजूंना एकेक मोकळी जागा घातली जाते. त्यामुळे ‘शाळा:’ आणि ‘प्रवेश’ यांच्यामध्ये फट पडून नाव तुटते. अवतरणचिन्हांच्या आत, म्हणजे दुसऱ्या एंटिटीचे मूल्य लिहिताना, अशी जागा घातली जात नाही. म्हणून पूर्ण नाव आधी तेथे जुळवायचे आणि मग घोषणेत वापरायचे. ही तजवीज बाहेरच्या डीटीडी फाइलीतच चालते; दस्तऐवजाच्या आत लिहिलेल्या डीटीडीच्या भागात घोषणेच्या पोटात पॅरामीटर एंटिटी वापरण्यास परवानगी नाही.

दस्तऐवजाच्या आतील तो भाग मात्र दुसऱ्या कामासाठी मोलाचा आहे. पार्सर तो भाग आधी विचारात घेतो, आणि एकाच एंटिटीच्या दोन घोषणा असतील तर पहिली ग्राह्य धरतो. म्हणून दस्तऐवज लिहिणाऱ्याने आत ‘उपसर्ग’ या एंटिटीचे मूल्य ‘श:’ असे घोषित केले, की बाहेरची संपूर्ण डीटीडी त्या उपसर्गाने चालू लागते. ‘एक्सएमएलएनएस’ गुणविशेषाचे नावही अशाच रीतीने एंटिटीतून जुळवावे लागते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ साली एक्सएचटीएमएलची सुट्या भागांत मांडणी केली तेव्हा हाच मार्ग वापरला, आणि पुढे एसव्हीजीच्या डीटीडीतही तो आला. डीटीडी नेमस्पेस ओळखू लागते असा याचा अर्थ नाही. आपण तिच्या यादीतील अक्षरे हवी तेव्हा बदलू शकतो, एवढाच आहे.

मुळातून उपाय हवा असेल तर डीटीडीऐवजी नवी साधने घ्यावी लागतात. २००१ साली एक्सएमएल स्कीमा आणि रिलॅक्स एनजी ही दोन साधने आली. दोन्ही घटकाला पत्ता आणि स्थानिक नाव या जोडीने ओळखतात. उपसर्ग कोणताही असो, त्यांना फरक पडत नाही. आणि दोन नेमस्पेसमधील ‘प्रवेश’ त्यांच्याकडे दोन स्वतंत्र नियमांनी तपासले जातात.

त्रिपिटकाच्या फाइली

जुन्या ग्रंथांच्या संगणकीय आवृत्त्यांसाठी टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, संक्षेपाने टीईआय, ही मार्गदर्शिका जगभर वापरली जाते. तिच्या २००२ मधील चौथ्या आवृत्तीत डीटीडीचा आधार होता, नेमस्पेस नव्हती आणि दस्तऐवजाच्या मूळ घटकाचे नाव ‘टीईआय.२’ असे होते. २००७ मधील पाचव्या आवृत्तीत मूळ घटक ‘टीईआय’ झाला आणि सर्व घटकांना एक नेमस्पेस मिळाली.

हा बदल पाली आणि चिनी त्रिपिटकांच्या फाइलींत स्पष्ट दिसतो. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनावर आधारित पाली त्रिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत उपलब्ध करून दिले आहे. त्याच्या एक्सएमएल फाइलींचा मूळ घटक जुन्या पद्धतीचा, ‘टीईआय.२’, आहे, त्याला नेमस्पेस नाही. तैवानमधील सीबेटा ही संस्था चिनी बौद्ध ग्रंथांच्या फाइली पाचव्या आवृत्तीनुसार देते. तेथे सामान्य घटक टीईआयच्या नेमस्पेसमध्ये असतात आणि चिनी ग्रंथपरंपरेला लागणारे खास घटक ‘सीबी:’ या उपसर्गाने, सीबेटाच्या स्वतःच्या नेमस्पेसमध्ये येतात. ग्रंथाच्या विभागासाठी टीईआयमध्ये ‘डिव्ह’ हा घटक आहेच. तरी सीबेटाने आपल्या गरजेसाठी ‘सीबी:डिव्ह’ ठेवला. स्थानिक नाव एकच, घरे दोन, आणि दोघांत संभ्रम नाही.

अभ्यासकाला याचा व्यवहारी अर्थ समजून घ्यावा लागतो. परिच्छेदासाठी दोन्हीकडे ‘पी’ हाच घटक आहे. परंतु इगतपुरीच्या फाइलींत परिच्छेद शोधणारा प्रोग्राम जसाच्या तसा सीबेटाच्या फाइलींवर चालवला, तर बहुधा एकही परिच्छेद सापडत नाही. अक्षर तेच असले तरी एक ‘पी’ नेमस्पेसविना आहे आणि दुसरा टीईआयच्या नेमस्पेसमध्ये. फाइल रिकामी नसते. शोधणाऱ्याने नावाचा अर्धाच भाग सांगितलेला असतो.

देवनागरी नावांची दक्षता

घटकांची नावे देवनागरीत ठेवताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अपूर्णविराम आणि विसर्ग दिसायला सारखे असतात. ‘शाळा’नंतर विसर्ग टंकला गेला तर ते नाव डोळ्यांना बरोबर दिसेल, पण विसर्ग हे देवनागरीतील अक्षरचिन्ह असल्यामुळे तेथे उपसर्ग उरणार नाही आणि एक सलग, नेमस्पेसविना नाव तयार होईल.

‘पायऱ्या’ किंवा ‘डायऱ्या’ यांतील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साध्या र ला हलन्त जोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. ‘ॲ’ हे अक्षरही एका संकेताने किंवा अ आणि ॅ अशा दोन संकेतांनी लिहिता येते. छापील रूप एकच. संगणकाच्या लेखी नावे दोन. एक्सएमएल नावे जुळवताना संकेत पाहते, रूप पाहत नाही.

तिसरी गोष्ट काळाची. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या एक्सएमएलच्या पाचव्या आवृत्तीत ते अक्षर आणि ते न दिसणारे जोडचिन्ह नावांत वापरण्याची मुभा मिळाली. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती नव्हती. जुन्या नियमांनी चालणारे पार्सर आजही वापरात असल्यामुळे घटकांच्या नावांत ही अक्षरे टाळावीत. मजकुरात ती खुशाल वापरावीत. तेथे बंधन नाही.

आपल्या नोंदींसाठी

शाळेच्या नोंदींचे काम जे हाती घेतील त्यांच्यासाठी या साऱ्याचे सार असे सांगता येईल. प्रत्येक प्रकारच्या नोंदीला आरंभीच एक नेमस्पेस द्यावी आणि तिचा पत्ता कायमचा ठरवून एका वहीत लिहून ठेवावा. उपसर्ग सर्वांनी एकच वापरावा, विशेषतः डीटीडीने तपासणी करायची असेल तर. नेमस्पेसची घोषणा प्रत्येक दस्तऐवजात स्पष्ट लिहावी आणि डीटीडीमध्येही तिचे मूल्य स्थिर करावे. वेगवेगळ्या नोंदी एकत्र करण्याचा विचार असेल तर डीटीडीवर विसंबू नये. रिलॅक्स एनजी किंवा एक्सएमएल स्कीमा वापरावा. आणि प्रत्येक नावाचा अर्थ सोप्या मराठीत लिहिलेला एक कागद फाइलींसोबत जपून ठेवावा, कारण प्रोग्राम बदलतात, माणसेही बदलतात.

एखादा विद्यार्थी पंचवीस वर्षांनी दाखल्याची दुसरी प्रत मागायला येईल, तेव्हा त्याच्या प्रवेशाचा दिनांक आणि रजिस्टरचा क्रमांक चटकन आणि अचूक सापडला पाहिजे. त्याच्याच वर्गाने सादर केलेल्या नाटकाचा दुसऱ्या अंकातील पहिला प्रवेशही सापडला पाहिजे. दोन्ही नोंदी आपापल्या घरी, आपापल्या नावाने नांदाव्यात, एवढीच नेमस्पेसची कामना आहे. हे काम करण्यास जी तरुण मंडळी पुढे येतील त्यांना आमचे सहकार्य आणि मनःपूर्वक शुभेच्छा आहेत.